तीन मिनिटांची पाटी

९ जानेवारी

प्रिय मामा,

वाकून नमस्कार. फोन करत नाही, कारण फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू स्वतःच ठरवतोस. शिवाय हे काम फोनवर उरकण्यासारखं नाही.

काल माझ्या थिसिसचे लिफाफे उघडले. तुला सगळं माहीतच आहे, तरी पहिल्यापासून लिहिते, म्हणजे मामीलाही वाचता येईल. ठरलेल्या ऑपरेशनला आलेले, तब्येतीने धडधाकट असे ऐंशी जण आम्ही घेतले. त्यांना मुद्दाम इमर्जन्सीत देतात तशी घाईची भूल दिली. म्हणजे आधी ऑक्सिजन, मग झोपेचं आणि स्नायू सैल करायचं औषध पाठोपाठ, गळ्यावर बोटांचा दाब, आणि लगेच श्वासाची नळी. नळी जाताना घशाला जो धक्का बसतो त्याने ठोके आणि प्रेशर एकदम उसळतं. ते उसळू नये म्हणून चाळीस जणांना आधी शिरेतून लिग्नोकेन दिलं (मामी, दात काढताना हिरडी बधिर करतात ना, तेच औषध), आणि उरलेल्या चाळिसांना नुसतं सलाईन. सिरिंजा सिस्टर भरायच्या आणि वर फक्त नंबर टाकायच्या. कशात काय आहे ते ना मला ठाऊक, ना पेशंटला; ती यादी बंद लिफाफ्यांत.

मामा, फरक काहीच निघाला नाही. दोन्हीकडे ठोके सारखेच उसळले, प्रेशरही सारखंच. आकडे तीनदा तपासले. चौथ्यांदा आमच्या आकडेवारीच्या बाईंकडून तपासून घेतले. त्या म्हणाल्या, "तोंड का पाडलंयस? फरक नाही हेही उत्तरच आहे."

विभागप्रमुखांना मात्र हे उत्तर नको आहे. म्हणजे तुझ्या लंबूला. तुझा आवडता विद्यार्थी आता माझा गाईड आहे हे माझं नशीब आहे की भोग, ते अजून कळायचंय. ते म्हणाले, "सरांनी तीस वर्षं जे केलं ते त्यांच्याच भाचीने मोडीत काढायचं? मी सही करणार नाही. सरांनी वाचून हो म्हटलं तर करतो." एकतीस मार्चच्या आत सही झाली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. माझं वर्ष जाईल.

थिएटरच्या दारावर तुझी पाटी अजून आहे. हिरवी अक्षरं जरा विटली आहेत. 'आधी लिग्नोकेन. मग तीन मिनिटं थांबा. मग नळी.' नवी मुलं तुला कधी भेटलेली नाहीत, पण 'थांबा-सर' म्हटलं की सगळ्यांना कळतं.

आकड्यांची प्रत सोबत आहे. वाच आणि खरं ते लिही.

तुझी भिंगरी


१७ जानेवारी

भिंगरे,

आशीर्वाद. ते रागातही चालू असतात, म्हणून आधी देऊन टाकतो.

तुझं बाड वाचलं. दोनदा वाचलं. तक्ते सुबक आहेत. बाकी कौतुक करायला जागा सापडली नाही.

तुम्ही थांबला नसणार. मला आजकालची पोरं ठाऊक आहेत. सिरिंज टोचली न टोचली तोच नळी घालायला हातात लॅरिंगोस्कोप. औषधाला शिरेतून घशापर्यंत पोचायला वेळ लागतो की नाही? तुमच्या घाईचं खापर औषधाच्या डोक्यावर फोडू नका. मी सर्जनांच्या शिव्या खाल्ल्या, पण तीन मिनिटं कधी सोडली नाहीत. एकदा एका सर्जनने वैतागून हातातले ग्लोव्ह्ज माझ्या अंगावर भिरकावले होते. तरी म्हटलं, "थांबा."

ही पाटी काही मला स्वप्नात दिसली नव्हती. तुला ती मास्तरीणबाई सांगितली आहे का? लहानपणी सांगितली असेल तर आता डॉक्टर म्हणून ऐक. पस्तीस वर्षं झाली. शाळेत शिकवणारी बाई, आठवा महिना, प्रेशर इतकं चढलेलं की डोळ्यांपुढे अंधारी. भर दुपारी थेट फळ्यासमोरून उचलून आणली होती, बोटांना खडू तसाच. सिझर ताबडतोब करायचं. अशा बाईच्या घशात नळी घालताना प्रेशर आणखी उसळलं तर मेंदूत रक्तस्राव होतो आणि सगळं संपतं. मी लिग्नोकेन दिलं, थांबलो, नळी घातली. प्रेशर जागचं हललं नाही. बाई वाचली, मुलगी वाचली. दुसऱ्या दिवशी सर्जनने अख्ख्या हॉस्पिटलभर सांगितलं. त्यानंतर ती पाटी लागली.

तेव्हा तुझे चाळीस एका बाजूला आणि माझी तीस वर्षं एका बाजूला. लंबू बरोबर बोलतोय. पुन्हा कर.

मामा

ता. क. मी मामी. हे पत्र टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी घुसडते. तुझा लिफाफा आला त्या दिवसापासून यांच्या कपाळावरच्या आठ्या मोजायला मला चष्मा लागत नाही. तू घाबरू नकोस. जेवतेस ना वेळेवर?


२५ जानेवारी

प्रिय मामा,

पुन्हा करायला हरकत नाही, पण आधी हे वाच.

आम्ही थांबलो होतो. ऐंशीच्या ऐंशी जणांत. ऑक्सिजन सुरू करतानाच सिरिंज द्यायची आणि तिथून पुरी तीन मिनिटं मोजायची, हे मी पहिल्या दिवशीच लिहून घेतलं होतं, कारण तू हेच म्हणणार हे मला माहीत होतं. स्टॉपवॉच सिस्टरांच्या हातात होतं. तू सिस्टरांना ओळखतोस. तुझ्याच थिएटरमध्ये त्या नव्या लागल्या होत्या आणि आता दोन वर्षांनी रिटायर होतील. त्यांच्या घड्याळात दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद झाले असतील तर त्या तीन म्हणत नाहीत. एका सर्जनने "सिस्टर, झालं की" म्हटल्यावर त्यांनी जे डोळे वटारले, ते बघून तो बिचारा पुन्हा हात धुवायला निघून गेला.

म्हणजे औषध तुझंच, मात्रा तुझीच, थांबणंही तुझंच. तरी फरक नाही.

औषध वाईट आहे असं मी कुठेही लिहिलेलं नाही. इतर कशासाठी त्याचा उपयोग असेल, तो माझा विषय नाही. ज्यासाठी आपण ते प्रत्येकाला देतो, ते आमच्या ऐंशी जणांत झालं नाही, एवढंच लिहिलंय. म्हणून घाईच्या भुलेत 'देऊन थांबलंच पाहिजे' हा नियम नको. यात तुझा अपमान कुठे आला?

आता दुसरी गोष्ट. परवा विभागप्रमुख सरांनी बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला, तेव्हाच मी सावध झाले. म्हणाले, "तुझ्या यादीत बारा जण असे आहेत की ज्यांच्या नळीला जरा जास्त वेळ लागला. ते बारा काढून टाक. बघ, फरक दिसतो." मी त्यांच्यासमोरच काढून बघितले. खरंच दिसतो. बारीकसा, पण दिसतो. ते खुश झाले. मी म्हटलं, "सर, खऱ्या इमर्जन्सीत नळीला वेळ लागला तर त्या माणसालाही आपण यादीतून काढणार का?" चहा तसाच राहिला.

मी ते बारा काढणार नाही. वर्ष गेलं तरी चालेल. पण तुझ्या शब्दावर सही अडली आहे, आणि तू खरं बोलतोस यावर माझा लहानपणापासून विश्वास आहे. पुन्हा एकदा वाच.

भिंगरी


३ फेब्रुवारी

भिंगरे,

थोडक्यात लिहितो.

बारा काढ आणि मोकळी हो. अख्ख्या जगात कुणी धुतल्या तांदळासारखा थिसिस लिहिलेला नाही. परीक्षा दे, पास हो, मग काय दिवे लावायचे ते लाव. नाव मोठं करायची घाई या वयात सगळ्यांना असते. मलाही होती. पण मामाच्या खांद्यावर पाय देऊन वर चढायची काय गरज होती? विषयांचा काय दुष्काळ पडला होता?

लंबूला कळवतो की बारा काढल्यास माझी हरकत नाही.

मामा


१० फेब्रुवारी

मामा,

सरांना काहीही कळवू नकोस. आधी हे पत्र संपव. उभ्याने वाचत असशील तर बस.

विषयांचा दुष्काळ नव्हता. हा विषय मी का घेतला ते मी तुला कधीच सांगितलं नाही. आईलाही नाही.

दोन वर्षांपूर्वी, मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा, दुपारच्या जेवणानंतर एक वेल्डर बांधकामाच्या परांचीवरून पडून आले. शुद्ध हरपत चाललेली, पोट भरलेलं. नळी ताबडतोब हवी होती. माझी सीनियर शेजारच्या थिएटरमधून निघाली होती. ऑक्सिजन देऊन झाला होता, औषधं हातात होती, नळी घालायला कशाचीही अडचण नव्हती. आणि मी पाटीकडे बघितलं. लिग्नोकेन राहिलं होतं. ते भरलं, दिलं आणि घड्याळाकडे बघत उभी राहिले. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, घाला आता." मी म्हटलं, "थांबा." अगदी तुझ्या आवाजात म्हटलं. मला त्याचा अभिमान वाटला होता, मामा.

दुसऱ्या मिनिटाला त्यांना उलटी झाली आणि ती फुफ्फुसात गेली.

एकोणीस दिवस ते आयसीयूत होते. वाचले. आवाज कायमचा घोगरा झाला आणि जिना चढताना अजून धाप लागते. सगळे म्हणाले, उलटी तशीही झाली असती. असेल. पण मी त्या दोन मिनिटांत हात बांधून उभी होते, हे मला माहीत आहे आणि सिस्टरांना माहीत आहे. वेल्डरना माहीत नाही. ते दर तीन महिन्यांनी तपासायला येतात आणि मला हात जोडतात, "मॅडम, तुमच्यामुळे वाचलो." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं.

मी पाटीला दोष देत नाही. वाचून न समजता उभी राहिले ती मीच. पण तेव्हा ठरवलं की या तीन मिनिटांत नक्की काय होतं ते मोजायचं. फरक निघाला असता तर सगळ्यात जास्त आनंद मला झाला असता. निदान मी कशासाठी तरी थांबले होते असं म्हणता आलं असतं. तो निघाला नाही.

ते बारा जण मी काढले तर ती पाटी दारावर राहील आणि पुढच्या वर्षी कुणीतरी तिच्याकडे बघत उभं राहील. तुझ्या खांद्यावर मी पाय ठेवलेला नाही. लहानपणी तू मला जिथे बसवायचास तिथेच मी बसले आहे, आणि तिथून जे दिसतंय ते तुला सांगते आहे.

भिंगरी


२६ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,

मी मामी लिहिते आहे. हे लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते. तुझं पत्र यांनी बाकावर बसून वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि तो शर्ट तीन दिवस धुवायला देईनात. माळ्यावरची पेटी स्वतः चढून काढली. या वयात! माझा जीव टांगणीला. जुन्या डायऱ्या काढून बसतात. मी विचारलं, "पोरीला काय कळवू?" तर म्हणाले, "शोधतोय." काय शोधतोय म्हटलं तर पुढची डायरी उघडली.

चाळीस वर्षांच्या संसारात मी यांना रागावलेलं बघितलंय, भांडलेलं बघितलंय, पण असं गप्प बघितलेलं नाही. तू मात्र मागे हटू नकोस. मला त्या औषधातलं ओ की ठो कळत नाही, पण तुझं पत्र मी चोरून वाचलं. रडले. मग तोंड धुतलं आणि हे लिहायला बसले.

मामी


१४ मार्च

भिंगरे,

उशीर झाला. डायरी सापडत नव्हती असं मामीला सांगितलं. डायरी पहिल्याच दिवशी सापडली होती. पान उघडायला वेळ लागला.

मास्तरीणबाईची गोष्ट मी तुला जानेवारीत लिहिली तशी घडलेली नाही. तीस वर्षं तीच सांगत आलो, सांगून सांगून मलाही तशीच दिसायला लागली. आता घडली तशी लिहितो.

मी लिग्नोकेन भरलं होतं. ट्रेमध्ये ठेवलं. सर्जन घाई करत होते, बाळाचे ठोके मंदावत होते. त्या गडबडीत मी ते साफ विसरलो. मी सरळ झोपेचं औषध दिलं आणि नळी घातली. सुदैवाने पहिल्याच खेपेला, पटकन गेली. प्रेशर उसळलं नाही, कारण ते उतरवायचं दुसरं औषध वॉर्डातूनच चालू होतं आणि तोवर ते लागू पडलं असणार. सगळं पार पडल्यावर ट्रे आवरताना बघितलं तर सिरिंज भरलेली. जशीच्या तशी.

तुमच्या सिस्टर तेव्हा नव्या होत्या. त्या ट्रे उचलत होत्या. त्यांनी सिरिंजकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ती सिंकमध्ये रिकामी केली.

मी सर्जनना सांगणारच होतो. पण सकाळी पोचलो तर त्यांनी मला डोक्यावर घेतलं होतं. "यांचं ते लिग्नोकेन! यांनी बाईला वाचवलं!" मी तोंड उघडलं आणि मिटलं. पुढच्याच आठवड्यात पाटी लागली. मग मी प्रत्येकाला ते औषध देऊ लागलो आणि न चुकता तीन मिनिटं थांबू लागलो. लोकांना वाटलं शिस्त. ती शिस्त नव्हती, त्या एका दिवसाची भरपाई होती. विसरलेली एक सिरिंज मी तीस वर्षं देत राहिलो, आणि माझ्यामागे सगळ्यांना द्यायला लावली. त्यातलीच एक तुझ्या हातात आली.

तुझ्या आकड्यांनी मला राग आला नव्हता. भीती वाटली होती. औषधाचा फरक पडत नाही हे कळायला मला तुझ्या ऐंशी जणांची गरजच नव्हती. माझी एक मास्तरीणबाई पुरेशी होती. आणि बारा काढ असं मी लिहिलं, त्याची लाज वाटते. ते पत्र फाडून टाक. नाही, फाडू नकोस, ठेव.

त्या वेल्डरचं ओझं एकटीने वाहू नकोस. अर्धं माझं आहे.

लंबूसाठी पत्र सोबत आहे, उघडंच ठेवलंय. वाचून त्याच्या हातात दे. त्यात चारच वाक्यं आहेत. 'हिचे आकडे बरोबर आहेत. बारांपैकी एकही काढू नये. मास्तरीणबाईला मी लिग्नोकेन दिलंच नव्हतं, याला सिस्टर साक्षीदार आहेत. पाटी मात्र काढावी.' गुरूचंही तपासून बघावं, हे मी त्याला पहिल्याच वर्षी शिकवायला हवं होतं.

मामीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच ना? मला वाटलं दुसरी बायको सापडली डायरीत."

तुझा मामा


२८ मार्च

प्रिय मामा,

सही झाली. थिसिस काल दुपारी जमा केला, ऐंशीच्या ऐंशी जणांसकट.

सरांनी तुझं पत्र वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं आता फाडतात की काय. मग माझ्या थिसिसचं पहिलं पान पुढे ओढलं, सही केली, आणि थिएटरकडे चालू लागले. मी मागोमाग. पाटी त्यांनी स्वतः काढली. स्टूल लागलं नाही, तू त्यांना लंबू उगाच नाही म्हणत. खाली भिंतीवर फिकट चौकोन राहिलाय. ज्युनिअर मुलांना जमवून म्हणाले, "हे मी पण कधी तपासलं नाही. चूक माझीही आहे." मला ते एकदम आवडायला लागले, काय करू?

आता माझ्याकडचं एक राहिलंय. सिरिंजचं मला जानेवारीतच माहीत होतं.

लिफाफे उघडले त्या संध्याकाळी सिस्टर माझ्याजवळ येऊन बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं, सिंकपर्यंतचं. म्हणाल्या, "तू विचारलंस तर ते नाही म्हणणार नाहीत." मी तेव्हाच तुला विचारू शकले असते. तू मास्तरीणबाईची गोष्ट लिहिलीस तेव्हा तर पेन उचललंच होतं. पण मी विचारून तू कबूल केलं असतंस तर ते मी तुझ्याकडून काढून घेतल्यासारखं झालं असतं. मला तुझ्याकडून ते हवं होतं, मामा, तू दिलेलं. म्हणून गप्प राहिले. वेल्डरचं लिहिलं ते मात्र तुला बोलतं करायला नव्हे. ते मला सांगायचंच होतं, तुझ्याआधी कुणाला सांगवत नव्हतं.

तुझं पत्र मी सिस्टरांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे पुसले आणि लगेच मला झापलं, ट्रेवर हात का ठेवलास म्हणून. मग म्हणाल्या, "त्यांना लिही, मीही सुटले."

पाटी माझ्या खोलीत आहे. हवी असेल तर पाठवते, नको असेल तर मी ठेवते.

मामीला सांग, जेवते वेळेवर.

सोमवारी दहा वाजता वेल्डर तपासायला येणार आहेत. त्या दोन मिनिटांत मी काय करत होते ते त्यांना अजून माहीत नाही. तू पेटी उघडलीस, आता माझी पाळी. ते आत येऊन हात जोडायच्या आधीच सांगणार आहे. यावेळी थांबणार नाही.

तुझी भिंगरी